साड्यांच्या ढिगातली ॲडमिन

आमच्या दहावीच्या वर्गाला अख्खं विज्ञान एका मुलीने कानात सांगितलं. कानात म्हणजे अगदी कानात. तिची व्हॉइस नोट फोनच्या स्पीकरवर लावली तर शेजारी बसलेल्याला वाटायचं, कुठेतरी गॅस गळतोय. मग पंखा बंद करायचा, घरातल्यांना श्वास रोखायला सांगायचं आणि फोन कानात जवळजवळ खोचायचा. तेव्हा कुठे त्या फुसफुशीतून एकेक शब्द बाहेर यायचा. "आता आरशाकडे बघ. आतून खोलगट आहे ना, तो अंतर्वक्र." त्या वर्षी डिंडोलीतल्या, म्हणजे गुजरातेतल्या आमच्या वस्तीतल्या, निम्म्या पोरापोरींच्या उजव्या कानावर फोनचा चौकोनी वळ उठला होता आणि डॉक्टर ती साथ समजून मलम देत होते. विश्वास बसत नसेल तर मलम सोडून द्या, पण वळ होता. माझ्या कानावर तर चार्जिंगच्या भोकासकट होता.

तिला आईबापांनी नाव ठेवलं होतं, पण ते हजेरीपटातच राहिलं. आम्ही तिला ॲडमिन म्हणायचो. विज्ञानाचे सरसुद्धा वर्गात "ॲडमिन, खडू आण" म्हणायचे, आणि तिची आई दारातून हाक मारायची, "ए ॲडमिन, दूध उतू गेलं बघ." वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप तिने काढला होता, एवढ्यावरच तिला ही पदवी मिळाली होती. पण काही माणसं पदवीला शोभतात. आमच्या वॉर्डातल्या निवडून आलेल्या माणसालाही एवढा दरारा नव्हता.

तिच्या कुजबुजीचं कारण तिचे आप्पा. शिरपूरकडचं हे कुटुंब. आप्पा लूमच्या कारखान्यात सांचे, म्हणजे कापड विणायची यंत्रं, चालवायचे, काही दिवस दिवसपाळी, काही दिवस रात्रपाळी. घरात फोन एकच, तोही आप्पांचा. दिवसपाळी असली की फोन त्यांच्या खिशात बसून कामाला जायचा. रात्रपाळी असली की सकाळी येऊन ते फोन उशाशी ठेवायचे आणि आडवे व्हायचे. मग ॲडमिन तो हळूच सरकवायची. थोडक्यात, आमच्या विज्ञानाचं वेळापत्रक लूमचा मालक ठरवायचा, आणि त्या बिचाऱ्याला याचा पत्ताच नव्हता. आप्पांची पाळी बदलली की आमच्याकडे आम्लं आणि आम्लारी थांबायची, रक्ताभिसरण अर्ध्यावर राहायचं.

खोली एकच. मधोमध आप्पा झोपलेले. त्यांची झोप मोडायची नाही, हा त्या घरातला पहिला आणि शेवटचा कायदा. पण दैवाने एक सोय करून ठेवली होती. तिची आई घरबसल्या साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायची. पर्वत पाटियाकडच्या बाजारातून साड्यांची गाठोडी यायची आणि खोलीच्या कोपऱ्यात त्यांचा डोंगर व्हायचा. ॲडमिन त्या डोंगरात शिरायची. खरंच शिरायची, खालून भोक पाडून, घुशीसारखी. आत बसून, वरून दोनचार जॉर्जेट ओढून घेऊन ती बोलायची. मोठमोठ्या गायकांच्या स्टुडिओत नसेल इतकी शांतता त्या ढिगात होती. नंतर त्या साड्या देशभर गेल्या. लग्नाकार्यात कुठे एखादी बाई अचानक ओहमचा नियम बडबडू लागली, तर समजा की तो माल आमच्याकडून गेलेला.

हे सगळं सुरू झालं ते एका फजितीतून. आम्ही गुजरातेत राहणारी आणि मराठीत शिकणारी मुलं. इंटरनेटवर आम्हाला कुणी मोजतच नाही. यूट्यूबवर मराठीत शिकवणारे सर पोत्याने मिळतात, पण ते महाराष्ट्राचं पुस्तक शिकवतात. गुजरात बोर्डाचं शिकवणारेही पोत्याने, पण ते गुजरातीत. आम्हाला हे कळायला दहावी उजाडावी लागली. वर्षाच्या सुरुवातीला ॲडमिनने ग्रुपवर एका मराठी सरांचा व्हिडिओ टाकला. काय गोड बोलायचे ते सर. आम्ही सगळ्यांनी तो बघितला, पाठ केला, काहींनी तर झोपेत म्हटला. धडा होता गुरुत्वाकर्षणाचा. आमच्या दहावीच्या पुस्तकात तो धडाच नव्हता.

एकम कसोटीत, म्हणजे घटक चाचणीत, प्रश्न आला प्रकाशाच्या परावर्तनाचा. आम्हाला तर चंद्र आणि पृथ्वी सोडून काही येत नव्हतं. मग ज्याला जसं सुचलं तसं त्याने चंद्राला आरशापर्यंत आणलं. सरांनी पेपर वाटले तेव्हा चेहरा असा, जणू सुतकातून उठून आलेत. म्हणाले, "मी आरशाविषयी विचारलं होतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून आरसा गच्चीवरून खाली का टाकलात?"

वर्ग हसला. ॲडमिन हसली नाही. सुट्टीत मला म्हणाली, "नंदे, व्हिडिओ मी टाकला ना? मग निस्तरायचं पण मी."

"तू काय निस्तरणार? आपल्यासाठी कुणी बनवतच नाही."

"मग आपण बनवू."

तिच्या निस्तरण्याची पद्धत अशी. आप्पा घोरू लागले की गुजराती सरांचा आमच्या बोर्डाचा व्हिडिओ लावायचा, तोही दुप्पट वेगाने, कारण आप्पा कधी कूस बदलतील आणि नेट कधी संपेल याचा भरवसा नाही. ते सर दुप्पट वेगात असे बोलायचे की चिमण्यांची शाळा भरल्यासारखं वाटायचं. ॲडमिनला मात्र सगळं कळायचं. मग साड्यांच्या ढिगात शिरून ती तेच आम्हाला मराठीत सांगायची, निम्म्या वेगाने, मधे अहिराणी पेरत. "तार जाड असेल तर रोध कमी. काबरं? रस्ता रुंद असला की रिक्षा सुटतात ना, तसं." यावर कुणीतरी लिहिलं की पर्वत पाटियाला रस्ता एवढा रुंद आहे, तिथे कुठे सुटतात रिक्षा? तिचं उत्तर लगेच आलं, "तिथं तार तापलेली आहे. तापमान वाढलं की रोध वाढतो. पुढचा मुद्दा."

नुसतं ऐकून सुटका नव्हती. आम्ही नोट ऐकली की तिच्याकडे निळी टिक दिसायची, आणि निळ्या टिकेवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "निळी टिक म्हणजे कान गेला तिथून, डोकं गेलं नाही," ती म्हणायची. मग एकेकाला हुकूम सुटायचा: "पाठव परत, तुझ्या तोंडाने." ज्याने त्याने तोच मुद्दा स्वतःच्या आवाजात बोलून पाठवायचा. चुकलं की पुन्हा. मी एकदा पचनसंस्था सांगताना घास थेट फुप्फुसात पाठवला. तिने फक्त एवढंच लिहिलं, "मेला तो माणूस. परत पाठव."

ग्रुपवर सकाळी फुलं पाठवणाऱ्यांचा तिने जो बंदोबस्त केला तो तर सरकारलाही जमला नसता. दीप्या नावाचा आमच्या वर्गातला मुलगा रोज सकाळी गुलाब पाठवायचा, शुभ सकाळ लिहिलेला. ॲडमिनने नियम काढला: फूल पाठवायचं तर फुलाचे भागही नावानिशी पाठवायचे. दीप्याने पहिल्या दिवशी पाठवलं, "पाकळी, देठ आणि शुभ सकाळ." पण ती मागेच लागली. महिन्याभरात दीप्या परागकोश आणि अंडाशय याविषयी असा बोलू लागला की त्याच्या आजीने त्याला देवापुढे बसवून शपथ घ्यायला लावली. याच दीप्याने पुढे तिच्या एका नोटवर रील बनवली, साड्यांच्या दुकानाचं चित्र आणि मागे तिची कुजबुज. ती बरीच फिरली. खाली लोकांनी लिहिलं होतं, झोप फार छान लागली.

बोर्डाची परीक्षा जवळ आली तेव्हा घोटाळा झाला. ॲडमिनच्या शेजारच्या खोलीत विमलमावशी राहायच्या. कान असे की समोरच्या इमारतीत कुणी लसूण सोलला तरी त्यांना कळावं. मधल्या भिंतीतून त्यांना रोज ती फुसफूस ऐकू यायची. शब्द कळायचे नाहीत, पण मावशींना शब्दांची गरज कधी पडली नाही. वयात आलेली मुलगी, दुपारची वेळ, हातात फोन, हळू आवाज. आठवड्याभरात सगळी इमारत त्या मुलाचं नाव काय असेल यावर चर्चा करत होती. शेवटी एका दुपारी मावशींनी आत येऊन आप्पांना गदागदा हलवून झोपेतून उठवलं आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. साड्यांचा ढीग हलत होता.

आप्पांनी एक साडी उचलली. मग दुसरी. कांदा सोलावा तशी साडीवर साडी निघत गेली आणि मधोमध सापडली ॲडमिन, मांडी घातलेली, फोन तोंडाशी.

"कोनसंगे बोली राहिनी?" आप्पांनी विचारलं.

इथे आप्पांच्या आवाजाविषयी सांगायला हवं. जन्मभर सांच्यांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस. त्यांचं साधं बोलणंही असं की पलीकडच्या गल्लीतली माणसं "काय हो?" म्हणून उत्तर द्यायची. हा प्रश्न तर सगळ्या इमारतीने स्वतःलाच विचारलेला समजला. मी समोरच्याच खोलीत राहायचे; पोळी तव्यावर सोडून धावले. पाहते तो जिना माणसांनी भरलेला.

"वर्गासंगे," ॲडमिन म्हणाली. सवयीप्रमाणे हळूच.

"काय म्हने?"

"वर्गातल्या पोरांशी बोलते म्हणते," मावशींनी मोठ्याने सांगितलं. 'वर्ग' त्यांनी निम्मा गिळला आणि 'पोरां'वर जोर दिला.

आप्पांनी हातातली साडी खाली टाकली. मग म्हणाले, "बस. फोन बंद, शाळा बंद, परीक्षा बी बंद. उद्यापासून मायसंगे खडे चिकटव."

ती परीक्षेला बसली नसती, तर अकरावी नाही, विज्ञान नाही, आणि आयुष्यभर त्याच कोपऱ्यात तोच डिंक. तेव्हा तिची आई उठली. आईला मी तोवर आप्पांपुढे बोलताना कधी ऐकलं नव्हतं. बोटांना डिंक, दोन खडे हनुवटीला चिकटलेले. म्हणाली, "आधी ऐका तरी. मग बंद करा काय करायचं ते."

"लावा आप्पा," ॲडमिन म्हणाली. "वरपासून सगळं लावा."

आप्पांनी नोट लावली. फुस्स. फोन कानाला लावला. फुस्स. सांच्यांनी कान केव्हाच खाऊन टाकले होते, त्यात ही कुजबुज कुठून शिरणार. त्यांनी दोनदा कान बदलला, फोन हलवून पाहिला आणि शेवटी विमलमावशींच्या हातात दिला. "तुमना कान तेज शेतस. तुम्ही सांगा."

मावशींच्या आयुष्यातला तो सोन्याचा क्षण. त्यांनी पदर खोचला, उंबऱ्यात बैठक मारली, फोन कानाला लावला. जिन्यावरची माणसं पुढे सरकली.

"म्हणते…" मावशींनी डोळे मिटले, "आम्ल आणि आम्लारी एकत्र आले…"

"कोण एकत्र आले?" मागून कुणीतरी विचारलं.

"थांबा हो. एकत्र आले की दोघांचाही जोर संपतो. मागे क्षार आणि पाणी उरतं म्हणते." मावशींनी डोळे उघडले. "पुढची लावा."

पुढच्या नोटेत दीप्याचा आवाज आला. मुलाचा आवाज ऐकताच सगळा जिना ताठ झाला.

"मुलगा आहे," मावशी म्हणाल्या.

"काय म्हने तो?"

"म्हणतो… परत सांग ना. समजलं नाही." मावशींचा आवाज जरा पडला. "आणि ही म्हणते, दीप्या, चौथ्यांदा सांगते, याच्यापुढे तुझ्या आजीला ग्रुपमध्ये घेईन."

त्यानंतर किती नोटा झाल्या ते विचारू नका. दुपार उतरली. दोन बायका तांदूळ निवडायला घेऊन बसल्या. धातू झाले, अधातू झाले, डोळा झाला, भिंग झालं. मावशी एकेक वाक्य ऐकायच्या आणि आप्पांना ओरडून सांगायच्या, आणि आप्पा मान हलवायचे, जणू कुणी त्यांना गावाकडची खुशाली कळवतंय. हृदयाच्या नोटेवर मावशी अडल्या. त्यांनी फोन खाली ठेवला आणि थेट ॲडमिनलाच विचारलं, "का गं, तेच रक्त दोनदा हृदयात कशाला जातं? एकदा जाऊन भागत नाही का?"

ॲडमिनने सांगितलं: एकदा फुप्फुसाकडून स्वच्छ होऊन येतं, एकदा अंगभर फिरून. मावशींनी छातीवर हात ठेवून पाहिला. "बघा," त्या जमलेल्यांना म्हणाल्या, "इतकी वर्षं आत चाललंय आणि मला कुणी सांगितलं नाही."

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग मुलीकडे वळले. "हे एवढं चांगलं बोलस, ते इतकं हळू काबरं?"

ॲडमिनने खाली बघून काहीतरी सांगितलं. आप्पांनी मावशींकडे पाहिलं. त्या दुपारी मावशींनी शेकडो वाक्यं पोचवली असतील, अडखळल्या नव्हत्या. या एका वाक्याला मात्र त्यांना वेळ लागला.

"तुमची झोप मोडू नये म्हणून, म्हणते."

आप्पा एकदा साड्यांच्या ढिगाकडे, एकदा मुलीकडे बघत राहिले. मग ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी आणि हसणं असं की वरच्या मजल्यावरचं पोर जागं होऊन रडू लागलं. "अगं माय," ते म्हणाले, "मी चालू सांच्याला टेकून झोपणारा माणूस. तू कानाशी ढोल बडवला असता तरी माले पत्ता नव्हता." त्यांनी मावशींकडून फोन घेतला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "बठ परीक्षेला. आनि मोठ्यानं बोल. माले बी थोडं ऐकू येऊ दे."

दुसऱ्या दिवसापासून ॲडमिन ढिगाबाहेर बसून मोठ्याने शिकवू लागली, आणि आमची पंचाईत झाली. मोठ्या आवाजात ती हुबेहूब आप्पांसारखी ऐकू यायची. नोट लावली की घरातली मांजरं पलंगाखाली जायची. दीप्याने ग्रुपवर लिहिलं, "ॲडमिन, जरा हळू. विद्युतधारा ऐकून आजोबांनी मेन स्विच बंद केला." मागे आप्पा घोरत असायचे, तेही नोटेत यायचं. भिंतीपलीकडून मधेच मावशींचा प्रश्न यायचा, तोही यायचा. अशा गोंगाटात आम्ही अख्खी उजळणी केली, आणि बोर्डाच्या पेपरात एकानेही आरसा गच्चीवरून टाकला नाही. मी काठावर का होईना, पण पास झाले. विज्ञानात माझं पास होणं हा आमच्या घरात आजही चमत्कारच धरतात.

ॲडमिनचे गुण सांगत नाही, दृष्ट लागेल. पण अकरावी विज्ञानाचं आमच्या जवळचं शिक्षण गुजरातीत. प्रवेशाला आप्पा तिला घेऊन गेले. तिथले मोठे साहेब म्हणाले, "मराठी माध्यममांथी आवी छे, गुजरातीमां फावशे?" म्हणजे गुजरातीत जमेल का? आणि परीक्षा म्हणून त्यांनी आरशाविषयी विचारलं. वर्षभर गुजराती सरांना दुप्पट वेगाने ऐकलेली मुलगी ती. तिने त्याच वेगाने गुजरातीत उत्तर दिलं. साहेब चष्मा काढून म्हणाले, "धीमे बेन, धीमे." हे आप्पांनी घरी येऊन सांगितलं आणि त्यांच्या आवाजामुळे सगळ्या डिंडोलीला एकदमच कळलं. जिलेबी वाटली ती विमलमावशींनी, जणू प्रवेश त्यांनाच मिळाला होता.

त्याच सुट्टीत आप्पांना सचिन नावाच्या गावाकडे कायम दिवसपाळीचं काम मिळालं आणि त्यांनी तिकडे बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. शाळेला ती तिथून बसने येणार होती. टेम्पोत भांडी चढत होती, गादी चढत होती, मावशी गादीपेक्षा जास्त जागा अडवून रडत होत्या. मी एका बाजूला उभी होते. ॲडमिन माझ्याजवळ आली, आप्पांच्या फोनवर दोनदा बोट लावलं आणि म्हणाली, "नवीन दहावीची सगळी पोरं ग्रुपमध्ये घेतली आहेत. फोन आता रोज दिवसभर आप्पांच्या खिशात. आता तू."

माझ्या फोनवर लिहून आलं की मी आता ग्रुपची ॲडमिन आहे.

"मी? मला काय येतं गं? काठावर पास झालेय मी."

"येत नाही म्हणूनच तू. ज्याला येतं तो घाईघाईने सांगून टाकतो." ती टेम्पोत चढता चढता थांबली. "माझ्यासारखं करू नको हां. तुला जसं समजेल तसं सांग."

टेम्पो निघाला. आप्पा पुढून काहीतरी ओरडले, बहुतेक "येतो" म्हणाले असतील. कोपऱ्यावरची कुत्री उठून बाजूला झाली. टेम्पो दिसेनासा झाला आणि हातातला फोन थरथरला. नवीन दहावीतल्या कुठल्याशा मुलीने विचारलं होतं, "ताई, बल्बमधली तार वितळत का नाही? एवढी तापते तरी?"

मला उत्तर येत नव्हतं. मी लिहिलं, "थांब, बघून सांगते." आणि जिन्यावर बसून त्या गुजराती सरांचा व्हिडिओ लावला. एकाच वेगाने, कारण दुप्पट मला झेपत नाही.